ब्रेसेस निघाले पण दातांवर पांढरे चौकोन राहिले, काय करता येईल?

सईची_आई

नमस्कार, मुलीच्या दातांबद्दल विचारायचंय. जरा लांबेल पण सगळं सांगते, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवट येतं. सई १५ वर्षांची, दहावीत आहे. पावणेदोन वर्षं तार होती, दिवाळीनंतर काढली. दात सरळ झालेत, एकदम छान रांगेत आलेत, पण तार काढून घरी आली, आरशासमोर उभी राहिली आणि गप्पच झाली. वरच्या पुढच्या चार दातांवर आणि दोन्ही सुळ्यांवर जिथे ती धातूची चकती चिकटवली होती तिच्या भोवतीने पांढरी चौकट उमटलीय. मधला भाग नेहमीच्या रंगाचा आणि कडेने कुणी खडूने गिरवल्यासारखं, हिरडीच्या बाजूला तर जास्तच. दुरून दिसत नाही गं असं आम्ही तिला सांगतो पण खरं सांगायचं तर दिसतं. आता ओठ मिटून हसते, नाहीतर हात तोंडावर जातो. पोरीने एवढं सोसलं, गालाला आतून जखमा काय, तार आवळली की दोन दोन दिवस वरणभातावर राहणं काय, आणि शेवटी हे, म्हणून जिवाला लागतंय.

जिथे तार लावली तिथे विचारलं तर हळूहळू जातील, पेस्ट वापरा म्हणाले. कुठली पेस्ट, किती दिवस, काही नाही. सासूबाई म्हणतात कॅल्शियम कमी पडलंय. शेजारच्या वहिनींनी कोळशाची पावडर आणून दिलीय. व्हिडिओंत लिंबू आणि खायचा सोडा चोळायला सांगतात. मी अजून काहीच केलेलं नाही, भीती वाटते.

अजून एक, धाकटा अर्णव ८ वर्षांचा आहे. त्याचे वरचे पुढचे पक्के दात आले त्यातल्या एकावर पिवळट पांढरा डाग आहे, दात आला तोच डाग घेऊन आला. त्याला तर तारबीर काही नाही. मग दोघांचं एकच आहे का? आम्ही सोलापूरला असतो, पाणी नळाचं.

केदार७९

ताई लिंबू आणि सोडा आधी डोक्यातून काढून टाका. लिंबाने दात आंबतात ते उगाच नाही, ते अ‍ॅसिड आहे, आणि डाग पडलेली जागा आधीच कमजोर झालेली असते.

माझा अनुभव सांगतो. मलाही लहानपणापासून पुढच्या दोन दातांवर पांढरे ठिपके. लग्न ठरलं तेव्हा घाईघाईत जाऊन ब्लीचिंग करून घेतलं, डोक्यात हिशोब असा की सगळा दातच पांढरा झाला की ठिपके मिसळून जातील. झालं उलटं, दात पांढरे झाले आणि ठिपके त्याहून पांढरेफटक, हळदीच्या फोटोत तेच आधी दिसायला लागले. दोनेक आठवड्यांनी जरा बसले पण तोपर्यंत लग्न होऊन गेलं होतं. तेव्हा कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर थांबलो असतो. म्हणून म्हणतो, आधी डाग कसला आहे ते बघून घ्या मग हात लावा.

दंतवैद्य_नाशिक

सईची आई, तुम्ही अजून काही केलं नाहीत हे फार बरं केलंत. मी दातांची डॉक्टर आहे, तोंड बघितल्याशिवाय पक्कं सांगता येत नाही पण तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की मुलीचं तरी बऱ्यापैकी कळतंय.

चकतीच्या खाली चिकटवायचा मसाला असतो त्यामुळे तेवढा भाग झाकलेला राहतो आणि सुरक्षित राहतो. कडेने, विशेषतः चकती आणि हिरडीच्या मधल्या पट्टीत, ब्रश नीट पोचत नाही, तिथे कीट म्हणजे जंतूंचा चिकट थर साठतो. त्यातले जंतू साखरेपासून अ‍ॅसिड करतात आणि तिथला पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटायला लागतात. ही किडीची पहिली पायरी आहे, खड्डा पडायच्या आधीची. ब्रेसेस असताना चार आठवड्यांतसुद्धा असे डाग उमटू शकतात, त्यामुळे पावणेदोन वर्षांत आले यात सईने काही मोठा निष्काळजीपणा केला असं अजिबात समजू नका आणि तिला तसं बोलूही नका.

पांढरं का दिसतं ते सांगते, कारण पुढचे सगळे उपाय यावरच उभे आहेत. इनॅमल वजनाने ९६ टक्के खनिज असतं, घट्ट आणि थोडं पारदर्शक. खनिज निघून गेलं की आत बारीक बारीक छिद्रं होतात, वरचा पापुद्रा शाबूत असतो पण आतून जाळी. त्या छिद्रांत पाणी किंवा हवा शिरते आणि प्रकाश सरळ जायच्या ऐवजी विखुरतो, म्हणून पांढरं. घरी बघायचं तर सई सकाळी उठल्या उठल्या तोंड उघडं ठेवून झोपलेली असेल तर दात सुकलेले असतात तेव्हा डाग जास्त ठळक दिसेल आणि चूळ भरल्यावर थोड्या वेळाने मंद होईल. आम्हीही खुर्चीत बसवून दातावर हवेचा फवारा मारून बघतो. ओल्या दातावरही डाग स्पष्ट दिसत असेल तर तो जास्त खोल गेलाय असं धरतो.

आता काय करायचं. पहिले तीन ते सहा महिने काही कोरायचं नाही, घासायचं नाही. तार निघाली, कीट साठायची जागा गेली, आता लाळ स्वतःच कॅल्शियम आणि फॉस्फेट परत भरायला लागते. त्याला मदत म्हणून सकाळी आणि रात्री फ्लोराइडची साधी पेस्ट, ट्यूबवर १००० पीपीएमच्या जवळपास आकडा बघून घ्या, आपल्याकडे नियमाने त्याहून जास्त टाकता येत नाही आणि आकडा छापावाच लागतो. रात्री घासून झाल्यावर फेस थुंकायचा पण खळाखळा चुळा भरायच्या नाहीत, थोडं फ्लोराइड दातावर राहू दे. दुधातल्या केसिनपासून केलेली एक क्रीम मिळते, ती झोपताना बोटाने लावून ठेवायची, काही जणांना बरा फरक पडतो, पण दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर चालत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आम्ही क्लिनिकमध्ये ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश, म्हणजे दातावर फासायचा चिकट लेप, लावतो, दाढांसाठी ते उत्तम. पण समोर दिसणाऱ्या दातांवर ताज्या डागांना एकदम एवढा कडक डोस दिला की वरचा पापुद्रा पटकन कडक होतो, आतली जाळी तशीच राहते आणि डाग आत कोंडला जातो. म्हणून समोरच्या दातांना मी तरी हळूहळू, कमी मात्रेत भरू द्यायच्या मताची आहे. अर्थात खरखरीत लागत असेल, कीड चालू आहे असं दिसत असेल तर गणित बदलतं, तिथे कीड थांबवणं आधी.

कोळशाची पावडर परत देऊन टाका. खरवडते, आणि त्यात फ्लोराइड नसतं. सासूबाईंच्या गोळ्यांनीही काही होणार नाही, हिरडीतून बाहेर आलेल्या दाताच्या इनॅमलला रक्तातून काही पोचत नाही. जे काही भरायचं ते बाहेरून, लाळेतून.

मुलाचं निराळं वाटतंय. तो डाग किती मोठा आहे, कडा स्पष्ट आहेत का, आणि त्याच्या मागच्या दाढा कशा आहेत ते सांगाल का? थंड पाण्याने कळ येते का?

झरीचा_माणूस

डॉक्टर मॅडमनी छान सांगितलं. मी तिसऱ्या प्रकारचे डाग घेऊन वाढलेला माणूस आहे म्हणून लिहितो. गाव यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणीकडचं. आमच्या लहानपणी गावात ज्याचे दात पांढऱ्या आडव्या रेघांचे आणि तपकिरी चट्ट्यांचे नाहीत तो पाहुणा, इतकं साधं होतं. आम्हाला ते आजार वाटतच नव्हतं, सगळ्यांचेच तसे. बारावीनंतर यवतमाळला होस्टेलवर गेलो तेव्हा खोलीतल्या पोराने विचारलं तू खर्रा खातो का बे, तेव्हा पहिल्यांदा आरशात नीट बघितलं. खर्रा म्हणजे तंबाखू सुपारी, तो तर सोडा, नुसत्या सुपारीला कधी हात लावला नव्हता.

आमचं सगळं हापशीचं पाणी, आणि जमिनीखालच्या खडकातलं फ्लोराइड त्यात उतरलेलं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोयच नसेल तर फार तर १.५, त्याच्या वर गेलं की लहान पोरांच्या दाताला बाधतं. म्हणजे ज्या फ्लोराइडने डॉक्टर मॅडम दात वाचवतात तेच पाण्यात जास्त झालं की दात घडतानाच बिघडवतं. पोर साधारण ८ वर्षांचं होईपर्यंत हिरडीच्या आत पक्के दात तयार होत असतात, तेवढाच काळ धोक्याचा. मोठेपणी तेच पाणी प्यायलं तर दातावर नवे डाग येत नाहीत, पण हाडं आणि सांधे धरतात. आमच्या आजोबांची मान वळत नव्हती, सगळे म्हणायचे म्हातारपण.

पाणी उकळून किंवा साध्या कँडलच्या फिल्टरने फ्लोराइड जात नाही, उकळल्यावर तर पाणी आटून प्रमाण वाढतं. आमच्या आईने वर्षानुवर्षं पाणी उकळून पाजलं, पोरांचं भलं व्हावं म्हणून. तिला कोण सांगणार होतं? तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनेच बसवलीय, आरओनेही निघतं. ज्यांच्या घरी बोअर आहे त्यांनी भूजल सर्वेक्षणच्या जिल्ह्याच्या लॅबमध्ये पाणी तपासून घ्या. हापशीला लाल रंग मारलाय का बघा, आमच्याकडे पिऊ नका म्हणून तसा मारायचे.

माझ्या दातांचं मी वयाच्या ३१ व्या वर्षी मायक्रोअब्रेजन करून घेतलं. सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि बारीक कणांची लेई असते, रबराच्या टोपीने दातावर हळूहळू घोळवतात, धुतात, बघतात, परत घोळवतात. वरचा अगदी पातळ थर निघतो. तपकिरी चट्टे जवळजवळ गेले. पांढऱ्या रेघा राहिल्या थोड्या, त्या खोल होत्या. ताई, तुमच्या घरात नळाचं पाणी आहे आणि मुलीचे डाग चकतीच्या भोवतीच आहेत म्हणजे हे आमच्यासारखं नाही. फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडने दात बिघडणं, असा चौकट धरून येत नाही, तो जोडीजोडीने येतो, डावीकडे जसा तसाच उजवीकडे.

सईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, दादा तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, आईने उकळून पाजलं ते.

डॉक्टर, तुम्ही विचारलं म्हणून काल टॉर्च घेऊन अर्णवचं तोंड बघितलं. पुढच्या डाव्या दातावर तुरीच्या डाळीएवढा डाग, कडा अगदी स्पष्ट, शेजारच्या दातावर काहीच नाही. आणि मागे खालच्या डाव्या बाजूची मोठी दाढ, ती पिवळसर तपकिरी आहे आणि एक कोपरा तुटल्यासारखा वाटतो. मला वाटत होतं ती दुधाची दाढ आहे, पडेल. थंड पाण्याचं विचारलं तर म्हणाला मी त्या बाजूने पाणी पीतच नाही. मी आई असून मला माहीत नाही, दोन वर्षं तो मान तिरकी करून पाणी पितोय आणि मी सरळ बस सरळ बस म्हणून ओरडत होते.

दंतवैद्य_नाशिक

ताई, अर्णवला या आठवड्यात दाखवा, सईच्या आधी. ती दाढ दुधाची नाही. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप एक दाढ येते, काही पडत नाही, रक्त येत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती आयुष्यभराची दाढ आहे.

पहिल्या पक्क्या दाढा आणि पुढचे दात साधारण एकाच काळात घडतात, जन्मापासून तिसऱ्या चौथ्या वर्षापर्यंत. त्या काळात काही बिघडलं तर या दोघांवर मिळून डाग येतात, सगळ्या दातांवर नाही आणि दोन्ही बाजूंना सारखेही नाही. याला एमआयएच म्हणतात, म्हणजे मोलर इन्सायजर हायपोमिनरलायझेशन, हे नाव २००१ पासून रुळलंय. नेमकं एकच कारण ठरलेलं नाही, लहानपणीच्या तापाच्या मोठ्या आजारांशी संबंध दिसतो. तुम्ही गरोदरपणात काय खाल्लं नाही वगैरे शोधत बसू नका.

या दाढांचं इनॅमल मऊ असतं, चावताना कोपरे निघतात आणि थंड लागलं की सणक जाते. पोरं त्या बाजूने ब्रशही फिरवत नाहीत, मग कीड लवकर लागते. भूल द्यायला गेलं तर तीही अशा दाढेवर नेहमीसारखी लागत नाही, म्हणून लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर मिळाले तर त्यांच्याकडेच न्या. नुसती शिवशिव असेल तर वार्निश आणि सीलंट म्हणजे दाढेच्या खाचा बुजवणारा लेप, कोपरा तुटला असेल तर सिमेंट भरतील किंवा स्टीलची टोपी बसवतील. चांदीसारखी दिसते म्हणून नाही म्हणू नका, त्या टोपीने दाढ वाचते. पुढच्या दाताचा डाग मात्र राहू द्या. या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, हिरडीही अजून वर सरकायची असते. तो बारा तेरा वर्षांचा झाल्यावर बघता येईल. वर्गात कुणी चिडवत असेल आणि तो त्रासला असेल तर वरवरचं काहीतरी आधी करता येतं, ते त्याला विचारून ठरवा.

मृण्मयी_ठाणे

सईसारखंच माझं होतं, म्हणून तिच्यासाठी लिहिते. माझे ब्रेसेस १९ व्या वर्षी निघाले, सहा महिने पेस्ट आणि क्रीम केली, चारांतले दोन दात जवळजवळ बरे झाले, दोन राहिले. मग रेझिन इन्फिल्ट्रेशन केलं, म्हणजे डागात प्लास्टिकसारखा पातळ द्रव मुरवून घट्ट करतात, आयकॉन म्हणून जर्मनीचं आहे, २००९ पासून मिळतं. यात ड्रिल नाही, इंजेक्शन नाही.

आधी दातांवर निळा रबरी पडदा ताणून बसवतात, फक्त दात बाहेर. तोंड उघडं ठेवून जबडा दुखतो, तेवढाच त्रास. मग डागावर अ‍ॅसिडची जेल दोन मिनिटं, वास आंबूस येतो. त्याने वरचा पापुद्रा उघडतो. धुऊन सुकवल्यावर डाग आधीपेक्षा पांढरा दिसतो, मी आरशात बघून घाबरले. नंतर त्यांनी अल्कोहोलचा थेंब लावला आणि मला आरसा दिला आणि डाग गायब, खरंच दिसेना. दोन तीन सेकंदांत अल्कोहोल उडालं की परत आला. डॉक्टर म्हणाले थेंबाने गेला म्हणजे रेझिननेही जाईल, थेंबाने गेला नाही तर परत जेल लावावी लागते. माझ्या एका दाताला तीनदा लावली. मग पातळ रेझिन डागात मुरू देतात आणि निळ्या लाईटने पक्कं करतात. तासाभरात दोन दात झाले. पाच वर्षं झाली, तसेच आहेत.

खर्च मला एका दाताला चार हजारांच्या आसपास आला. पुढचे काही दिवस हळदीचं आणि चहा जपून घ्यायला सांगितलं होतं. सईला माझ्याकडून सांगा मी पण फोटोत हात धरायचे.

केदार७९

थेंबाने डाग का जातो? जादू वाटते वाचून.

दंतवैद्य_नाशिक

तेच मघाचं, प्रकाश विखुरणं. प्रत्येक पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो त्याचा एक आकडा असतो, इनॅमलचा १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. छिद्रांत हवा असली की फरक मोठा, म्हणून डाग ठळक, पाणी असलं की थोडा कमी, रेझिन १.५ च्या आसपास म्हणजे इनॅमलच्या जवळ, मग डोळ्याला छिद्र जाणवतच नाही. कोरडं सुती कापड आणि ओलं झाल्यावर अंगाला चिकटून पारदर्शक होणारं कापड, तसंच. डाग खरवडून काढलेला नसतो, भरून बुजवलेला असतो. पण डाग फार खोल असेल, किंवा अर्णवच्या दातासारखा आतून सुरू झालेला असेल, तर एवढं हमखास जात नाही. व्हेनियर्सचा, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ कवचांचा, सल्ला कुणी सईच्या वयात दिला तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, त्यासाठी चांगला दात घासून कमी करावा लागतो.

सईची_आई

सात महिन्यांनी लिहितेय, मध्ये दहावीची गडबड होती. अर्णवच्या दाढेला स्टीलची टोपी बसवली, दुसऱ्या तिन्हींना सीलंट केलं. डॉक्टर म्हणाले अजून सहा महिने थांबला असता तर नसेपर्यंत गेलं असतं. परवा फ्रीजची बाटली तोंडाला लावून सरळ मानेने गटागटा प्यायला, मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. आता थंड पाणी पिऊ नको म्हणून ओरडायचं होतं, नाही ओरडले.

सईचे पुढचे चार दात पुष्कळ मंद झालेत, सांगितल्याशिवाय कळत नाहीत. सुळ्यांवरचे आहेत अजून, हिरडीजवळ. तिनेच ठरवलंय की सुट्टीत इन्फिल्ट्रेशन करून घ्यायचं, मृण्मयीचं तिने चार वेळा वाचलं. एकच विचारायचं राहिलं, रात्री ती रिटेनर, म्हणजे दात परत सरकू नयेत म्हणून दिलेला साचा, घालते, क्रीम त्याच्या आधी लावायची की नंतर?

दंतवैद्य_नाशिक

छान बातमी. ब्रश करा, मग क्रीम दातांवर लावा आणि त्यावरच रिटेनर घाला, थोडी क्रीम रिटेनरच्या आतूनही लावली तर चालेल, रात्रभर सुळ्याला टेकून राहील. सकाळी रिटेनर साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, गरम पाणी नको, आकार बिघडतो. आणि रिटेनर तोंडात असताना सरबत, कोल्ड्रिंक, साखरेचा चहा काही नको, ते आत अडकून दाताला धरून बसतं आणि लाळ तिथे पोचत नाही. सुळ्यांचा आत्ता एक फोटो काढून ठेवा, दात ओले असताना आणि पुसून सुकवल्यावर असे दोन, इन्फिल्ट्रेशन करणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतील.